अंत्यकालीन परिहार सेवेची निवड : पनवेल परिसरातील कुटुंबांसाठी पर्याय व निकष

गोषवारा

असाध्य व्याधीच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णासाठी परिहार सेवा देणारी संस्था निवडण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर पूर्वतयारीविना येतो. प्रस्तुत लेखात पनवेल शहर व तालुक्याचा परिसर समोर ठेवून उपलब्ध पर्यायांचे स्वरूप, निवडीचे निकष आणि संबंधित कायदेशीर तरतुदी यांचे विवेचन केले आहे. संस्थेची इमारत व नावलौकिक यांच्या आधी वेदनानियंत्रणाची क्षमता, रात्रीची उपलब्धता आणि रुग्णाच्या इच्छेचा आदर या तीन बाबी तपासाव्यात, तसेच रुग्ण स्वतः बोलू शकत असतानाच ही निवड करावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : परिहार सेवा, हॉस्पिस, मॉर्फिन, गृहशुश्रूषा, पूर्वनिर्देश, पनवेल.

१. प्रस्तावना

कर्करोग, मूत्रपिंडे निकामी होणे, हृदयविकाराची अखेरची अवस्था, फुप्फुसांचा जुनाट विकार, स्मृतिभ्रंश अशा व्याधींमध्ये एक टप्पा असा येतो, की रोग हटविण्यासाठी केलेले उपचार रुग्णाला लाभ देण्याऐवजी त्रासच अधिक देऊ लागतात. अशा वेळी अनेक कुटुंबांना 'आता घरी घेऊन जा आणि सेवा करा' एवढाच सल्ला मिळतो. सेवा करण्याची तयारी बहुतेक घरांत असते. परंतु ती कशी करावी, रात्री दोन वाजता वेदना असह्य झाल्यास कोणाला बोलवावे, अन्न गिळता येईनासे झाल्यावर काय करावे, हे कोणी समजावून सांगितलेले नसते. परिणामी काही रुग्णांचे अखेरचे दिवस घरात तळमळत जातात, तर काहींना भीतीपोटी पुन्हा अतिदक्षता विभागात दाखल केले जाते आणि आप्तांपासून दूर, यंत्रांच्या सान्निध्यात त्यांचा शेवट होतो.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे परिहार सेवा. वैद्यकीय व्यवहारात ती 'पॅलिएटिव्ह केअर' या नावाने ओळखली जाते. तिच्यापैकी आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांसाठी वा महिन्यांसाठी दिल्या जाणाऱ्या सेवेला आणि ती देणाऱ्या निवासी संस्थेला 'हॉस्पिस' म्हणतात. ही सेवा देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत, त्यांपैकी काही विनामूल्यही आहेत. मात्र त्यांची माहिती गरजू कुटुंबांपर्यंत वेळेत पोहोचत नाही आणि पोहोचली तरी त्यांतून निवड कशी करावी, याचे मार्गदर्शन क्वचितच मिळते.

२. संकल्पना व पार्श्वभूमी

आधुनिक हॉस्पिस चळवळीचा प्रारंभ 1967 मध्ये लंडन येथे डॉ. सिसिली साँडर्स यांनी स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका व नंतर डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांचा अनुभव असलेल्या साँडर्स यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. रुग्णाची वेदना केवळ शारीरिक नसते. तिच्यात मनाची भीती, कुटुंबाची चिंता, पैशांची विवंचना आणि जीवनाच्या अर्थाविषयीचे प्रश्न मिसळलेले असतात, आणि म्हणून तिच्यावरील उपायही डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक व समुपदेशक यांनी मिळून करावा लागतो, असे या कल्पनेचे सार आहे.

भारतातील पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच सुरू झाले. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 1986 मध्ये मुंबईतील वांद्रे येथे शांती अवेदना सदनाची स्थापना केली. पुढे या संस्थेच्या शाखा गोवा व दिल्ली येथे निघाल्या. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर कार्यरत आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात परिहार वैद्यकाचा स्वतंत्र विभाग असून 2012 मध्ये तेथे या विषयातील एम. डी. अभ्यासक्रम सुरू झाला.

केरळने याहून वेगळी वाट चोखाळली. कोझिकोडे येथे 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या बाह्यरुग्ण केंद्रातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि 2008 मध्ये त्या राज्याने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले. तेथे रुग्णाला संस्थेत नेण्यापेक्षा परिचारिकेने रुग्णाच्या घरी जाण्यावर भर राहिला. केंद्र शासनाचा राष्ट्रीय परिहार सेवा कार्यक्रम 2012 मध्ये आखण्यात आला, तर 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्राथमिक आरोग्यसेवेत परिहार सेवेचा अंतर्भाव केला. तथापि कागदावरील धोरण आणि रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचणारी सेवा यांत अद्याप मोठे अंतर आहे. म्हणूनच कुटुंबाने करावयाच्या निवडीला महत्त्व प्राप्त होते.

३. पनवेल परिसराची विशेष स्थिती

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आली. तिच्या हद्दीत जुन्या पनवेल शहरासह नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे व खारघर या वसाहती येतात. शहरात उपजिल्हा रुग्णालय असून कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन व उपचार संस्था 2002 पासून खारघर येथे आहे. म्हणजे कर्करोगावरील प्रगत उपचारांचे एक राष्ट्रीय केंद्र याच तालुक्यात आहे. उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला दूर जावे लागत नाही. मात्र उपचार थांबल्यानंतरच्या काळासाठी वांद्रे किंवा पुणे येथील निवासी संस्थेचा विचार करावयाचा झाल्यास अंतराचा प्रश्न उभा राहतो. वांद्रे येथे जाण्यासाठी चाळीस किलोमीटरच्या आसपास, तर वारजे येथे जाण्यासाठी द्रुतगती मार्गाने शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. हार्बर मार्गावरील लोकल गाडीतून वेदनाग्रस्त रुग्णाला नेणे शक्य नसते आणि भेटीस येणाऱ्या वृद्ध जोडीदारालाही तो प्रवास रोज झेपत नाही.

येथील कुटुंबांची रचनाही लक्षात घ्यावी लागते. खारघर-कामोठ्याच्या सदनिकांत राहणाऱ्या अनेक घरांत पती-पत्नी दोघे नोकरीनिमित्त मुंबईत जातात. काही घरांत मुले परदेशी असून आई-वडीलच एकमेकांचे आधार असतात. याउलट पनवेलच्या जुन्या गावठाणात व आसपासच्या गावांत माणसांचे बळ असते, पण नेरे-मालडुंगीच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांवर वाहन व औषध मिळणे कठीण असते. त्यामुळे एका कुटुंबाला सोयीची असलेली व्यवस्था दुसऱ्या कुटुंबाला सोयीची ठरेलच असे नाही.

४. उपलब्ध पर्यायांचे स्वरूप

४.१ घरपोच परिहार सेवा : या पद्धतीत रुग्ण घरीच राहतो. डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक ठरावीक दिवशी घरी येतात, औषधे ठरवून देतात, जखमेची मलमपट्टी करतात, कुटुंबातील व्यक्तीला शुश्रूषा शिकवितात आणि मधल्या काळात दूरध्वनीवर मार्गदर्शन करतात. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाचा परिहार विभाग, तसेच जिमी एस. बिलिमोरिया फाउंडेशनची 'पालकेअर' ही संस्था अशा प्रकारचे काम करते. बहुतेक रुग्णांची इच्छा स्वतःच्या घरी राहण्याची असते, हा या पर्यायाचा मोठा गुण होय. मात्र घरात दिवसरात्र जबाबदारी घेणारी किमान एक व्यक्ती असणे ही त्याची अट आहे. प्रत्येक संस्थेचे सेवाक्षेत्र मर्यादित असते. म्हणून आपली वसाहत किंवा गाव त्यात येते का, हे प्रथमच विचारून घ्यावे.

४.२ निवासी हॉस्पिस : वेदना किंवा धाप घरी आटोक्यात येत नसेल, मोठ्या जखमेची रोज देखभाल करावी लागत असेल किंवा घरी माणूसबळ नसेल, तेव्हा निवासी हॉस्पिस उपयुक्त ठरते. शांती अवेदना सदन व सिप्ला केंद्र या धर्मादाय संस्था असून तेथील सेवेचे शुल्क आकारले जात नाही. मात्र अशा अनेक संस्था प्रामुख्याने कर्करोगाच्या प्रगत अवस्थेतील रुग्णांसाठी आहेत. मूत्रपिंडाच्या वा मेंदूच्या विकाराच्या रुग्णास तेथे प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र, निदानाचे अहवाल व ओळखपत्रे सोबत लागतात. रुग्णासोबत नातेवाइकाने मुक्काम करावयाचा की नाही, याविषयी प्रत्येक संस्थेची रीत निराळी असते. ती आधी विचारून घेतल्यास ऐनवेळी नोकरदार कुटुंबाची तारांबळ होत नाही.

निवासी संस्थेत गेलेला रुग्ण परत घरी येत नाही, हा समज सर्वस्वी खरा नाही. पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत लक्षणे आटोक्यात आणून रुग्णाला पुन्हा घरी पाठविले जाते. शुश्रूषा करणाऱ्याला विसावा मिळावा म्हणूनही काही ठिकाणी अल्पमुदतीचा प्रवेश दिला जातो.

४.३ रुग्णालयातील परिहार विभाग : मोठ्या रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागाच्या स्वरूपात ही सेवा मिळू शकते. मूळ उपचार चालू असतानाच येथे नाव नोंदविणे हिताचे असते. कारण घरपोच सेवेची वा हॉस्पिसची शिफारस पुढे याच विभागाकडून होते.

४.४ काळजी केंद्रे, वृद्धाश्रम व ब्युरो : खाजगी काळजी केंद्रे आणि वृद्धाश्रम राहण्याची, जेवणाची व स्वच्छतेची सोय करतात. त्यांतील काही ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीही ठेवून घेतल्या जातात. ही सोय मोलाची असली तरी ती परिहार सेवा नव्हे. परिहार वैद्यकाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नियमित येत नसेल आणि तीव्र वेदनेवरील औषध उपलब्ध नसेल, तर फलकावर कोणतेही नाव असले तरी ते निवासस्थानच समजावे. ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशी वा मामा रुग्णाला उठविणे, बसविणे, आंघोळ घालणे ही कामे मनापासून करतात. परंतु त्यांतील बहुतेकांनी परिचर्येचे औपचारिक शिक्षण घेतलेले नसते. औषधाची मात्रा ठरविणे किंवा लक्षणांचा अर्थ लावणे यांची अपेक्षा त्यांच्याकडून करणे रुग्णासाठी धोक्याचे व त्यांच्यासाठी अन्यायकारक ठरते.

५. निवडीचे निकष

५.१ वेदनानियंत्रण : सर्व निकषांत हा अग्रक्रमाचा होय. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची चढती पायरी सुचविली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. हे औषध स्वस्त असून गोळीच्या रूपात तोंडाने घेता येते. नेहमीच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकत असल्याने ती वेदना सुरू होण्याची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागते. वेदना मध्येच उसळल्यास जादा मात्रा किती द्यावी, हेही लिहून दिलेले असावे. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता जवळजवळ हमखास होते. म्हणून त्यासोबत रेचक लिहून देणारा डॉक्टर जाणकार समजावा.

मॉर्फिनविषयी दोन भीती प्रचलित आहेत. एक व्यसन लागण्याची आणि दुसरी त्यामुळे मृत्यू लवकर येण्याची. वेदनेच्या प्रमाणात, थोड्या मात्रेपासून सुरुवात करून प्रशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दिल्यास या दोन्ही शंका बहुतांशी निराधार ठरतात. परंतु भीतीचा परिणाम कायद्यावरही झाला. अमली औषधे व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम 1985 मध्ये आला आणि परवान्यांच्या जंजाळामुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढील बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. ज्या देशात शासनाच्या परवान्याने अफूची शेती होते, त्याच देशातील रुग्ण अफूपासून बनणाऱ्या औषधावाचून राहिले. 2014 मधील दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधांना 'अत्यावश्यक' ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सोपी केली. तरीही प्रत्येक रुग्णालयात वा औषधाच्या दुकानात मॉर्फिन मिळत नाही. म्हणून 'आपल्याकडे तोंडाने घेण्याचे मॉर्फिन मिळते का, आणि ते संपल्यावर पुन्हा कोठून मिळेल?' हा प्रश्न कोणत्याही संस्थेला प्रथम विचारावा. त्याचे स्पष्ट उत्तर न देणारी संस्था अन्य सर्व बाबतींत उत्तम असली, तरी तीव्र वेदना असलेल्या रुग्णासाठी ती पुरेशी नाही.

५.२ रात्रीची व सुटीच्या दिवशीची उपलब्धता : धाप, उलट्या, रक्तस्राव, भ्रम ही लक्षणे कार्यालयीन वेळ पाहून येत नाहीत. चोवीस तास दूरध्वनी घेणारी व्यक्ती डॉक्टर आहे, परिचारिका आहे की केवळ निरोप घेणारा कर्मचारी, हे विचारावे. गरज भासल्यास रात्री घरी येण्याची व्यवस्था आहे का आणि नसल्यास कुटुंबाने काय करावे, याची लेखी सूचना व आणीबाणीच्या औषधांची छोटी पेटी आधीच दिली जाते का, हेही पाहावे. अशी पेटी व सूचना हाताशी असल्यास मध्यरात्री रुग्णवाहिका बोलाविण्याचे अनेक प्रसंग टळतात.

५.३ मनुष्यबळ व नोंदणी : डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि परिचारिका महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, त्यांनी परिहार सेवेचे प्रशिक्षण घेतले आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. खाटा असलेल्या खाजगी वैद्यकीय संस्थेची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 नुसार होते. 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. संस्थेला भेट देताना हे फलक आहेत का, एवढे पाहिले तरी कारभाराची कल्पना येते.

५.४ खर्च : खाजगी सेवेत दिवसाच्या दराखेरीज अनामत रक्कम, औषधे, ऑक्सिजन, डायपर, मलमपट्टीचे साहित्य व रुग्णवाहिका यांचा खर्च वेगळा लागतो का, हे लेखी घ्यावे. घरी ठेवावयाचे असल्यास डोके उचलता येणारी खाट, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी व ऑक्सिजन यंत्र भाड्याने मिळू शकते. आरोग्य विम्याची रचना सामान्यतः रुग्णालयातील दाखल उपचारांभोवती असते. त्यामुळे घरपोच सेवेचा खर्च मिळेल असे न समजता विमापत्रातील अटी वाचून घ्याव्यात. संस्था विनामूल्य आहे म्हणून दर्जा कमी, हा समज मात्र सोडून द्यावा. या क्षेत्रातील काही सर्वोत्तम काम धर्मादाय संस्थांनीच केले आहे.

५.५ संवाद व सांस्कृतिक जाणीव : रुग्णाशी मराठीत, त्याच्या बोलीत बोलणारी परिचारिका असणे ही क्षुल्लक बाब नाही. पोथी, नामस्मरण, नमाज, प्रार्थना, मुखी तुळशीपत्र व गंगाजल, आवडीचा घासभर पदार्थ यांना संस्थेत मोकळीक आहे का, नातवंडांना भेटू दिले जाते का, हे पाहावे. धर्मादाय संस्था एखाद्या धार्मिक संस्थेने चालविलेली असली, तरी तेथे अन्यधर्मीय रुग्णाच्या श्रद्धेचा मान राखला जातो का, हे प्रत्यक्ष भेटीत सहज कळते.

५.६ अन्न, पाणी व सलाईनविषयीचा दृष्टिकोन : अखेरच्या दिवसांत भूक व तहान नैसर्गिकरीत्या मंदावते. 'निदान सलाईन तरी लावा' हा आग्रह प्रेमापोटी होतो. परंतु शरीराला न पेलणारे द्रव सूज व छातीतील घरघर वाढवू शकते आणि जबरीने भरविलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ व तोंड ओलसर ठेवणे, मागेल तेव्हा चमचाभर पाणी देणे याने रुग्णाला खरा आराम मिळतो. चांगली संस्था हे कुटुंबाला समजावून सांगते. ती कुटुंबाच्या भीतीचा फायदा घेऊन उपचार वाढवीत नाही किंवा प्रश्न विचारणाऱ्यांना गप्पही करीत नाही.

५.७ कुटुंबाला मिळणारा आधार : आपल्याकडे शुश्रूषेचा भार प्रायः पत्नी, सून वा मुलगी यांच्यावर पडतो. महिनोन्‌महिने अपुऱ्या झोपेत काढलेल्या या व्यक्तीची विचारपूस करणे, तिला विसावा देण्याची सोय सुचविणे आणि मृत्यूनंतरही काही काळ संपर्क ठेवणे, हा परिहार सेवेचा अविभाज्य भाग होय. पहिल्या भेटीत संस्थेच्या प्रतिनिधीने घरातील या व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोलण्याची इच्छा दाखविली, तर ते शुभलक्षण मानावे.

६. कायदेशीर बाबी

परिहार सेवा म्हणजे दयामरण नव्हे. या सेवेत मृत्यू लवकर आणला जात नाही आणि निरर्थक उपचारांनी तो लांबविलाही जात नाही. निरर्थक ठरलेले कृत्रिम उपचार नाकारण्याच्या हक्काची चर्चा भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणामुळे ऐरणीवर आली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी निर्णय दिला. पुढे 9 मार्च 2018 रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य करून पूर्वनिर्देशाला, म्हणजेच लोकव्यवहारातील 'लिव्हिंग विल'ला, वैधता दिली. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने त्याची कार्यपद्धती सुलभ झाली. आता प्रौढ व सुबुद्ध व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष असा दस्तऐवज करून तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेऊ शकते. आपण निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यास कोणाचा शब्द मानावा, त्या व्यक्तीचे नाव त्यात नमूद करता येते. दस्तऐवजाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवण्याची तरतूद आहे.

दुसरी बाब अधिक व्यवहाराची, पण ऐनवेळी कुटुंबाला हतबल करणारी आहे. घरी मृत्यू झाल्यास त्याच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यावयाचे असते. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना 4 आणि अन्यत्र झालेल्या मृत्यूसाठी नमुना 4-अ वापरला जातो. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 अन्वये मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावयाची असते. वसाहतीत नव्याने राहावयास आलेल्या, ओळखीचा कुटुंबवैद्य नसलेल्या घरात पहाटे मृत्यू झाला, तर प्रमाणपत्रासाठी शोकाकुल नातेवाइकांना दारोदार फिरावे लागते. म्हणून घरपोच सेवा निवडताना 'घरी मृत्यू झाल्यास प्रमाणपत्र आपले डॉक्टर देतील का?' हा प्रश्न कितीही जड वाटला, तरी अवश्य विचारावा.

७. निर्णयाची वेळ व पद्धती

परिहार सेवा सर्व उपाय संपल्यावरच घ्यावयाची, या समजुतीमुळे सर्वाधिक हानी होते. अमेरिकेतील बोस्टन येथे फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या 151 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानानंतर लगेच, नेहमीच्या उपचारांबरोबरच परिहार सेवा मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान अधिक चांगले राहिले, नैराश्य कमी आढळले आणि अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी होऊनही ते सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. म्हणजे परिहार सेवा स्वीकारणे म्हणजे आशा सोडणे, हे समीकरण वस्तुस्थितीला धरून नाही.

निर्णयात रुग्णाचे स्थान कोणते, हा यातील नाजूक प्रश्न आहे. 'त्यांना सांगू नका, धीर सोडतील' असे म्हणून अनेक घरांत निदान लपविले जाते. रुग्णाला मात्र स्वतःच्या शरीरावरून बरेच कळून चुकलेले असते; तोही कुटुंबाला त्रास नको म्हणून गप्प राहतो. दोन्ही बाजूंच्या या मौनामुळे शेवटचा महत्त्वाचा संवाद राहून जातो. कोठे राहावयाचे, कोणाला भेटावयाचे, कोणता व्यवहार पुरा करावयाचा, हे रुग्णाला विचारल्याशिवाय केलेली निवड ही कुटुंबाच्या सोयीची निवड ठरते. सगळे एकदम सांगण्याची सक्ती नाही. 'तुम्हाला आजाराविषयी किती जाणून घ्यावेसे वाटते?' या साध्या प्रश्नाने सुरुवात करता येते. समुपदेशक यासाठी साहाय्य करू शकतो.

निवडीपूर्वी दोन किंवा तीन संस्थांशी बोलून पुढील प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावीत :

१) रुग्णाचा आजार व राहण्याचे ठिकाण संस्थेच्या कक्षेत बसते का? प्रतीक्षा किती?
२) मॉर्फिन उपलब्ध आहे का?
३) रात्री दूरध्वनी कोण घेते? घरी कोण येते?
४) आठवड्यातून डॉक्टर व परिचारिका यांच्या किती भेटी होतात?
५) नातेवाइकाने सोबत राहणे आवश्यक आहे का?
६) एकूण खर्च किती व त्यात काय समाविष्ट नाही?
७) प्रकृती सुधारल्यास घरी आणि घरी निभावले नाही तर परत संस्थेत, अशी ये-जा करता येते का?
८) घरी मृत्यू झाल्यास प्रमाणपत्राची व्यवस्था काय?

शक्य असल्यास निवासी संस्थेला एकदा पूर्वसूचना न देता, भेटीच्या वेळेत जाऊन यावे. दुर्गंधी नसणे, घंटा वाजल्यावर कोणी किती लवकर येते, रुग्णांशी बोलण्याची पद्धत आणि रुग्णांच्या चेहऱ्यावरील स्वस्थता या गोष्टी माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जातात. घरातील निर्णय मुलांपैकी एकाने एकट्याने घेऊ नये. परगावी वा परदेशी असलेल्यांनाही आधीच सहभागी करून घ्यावे. अन्यथा अखेरच्या दोन दिवसांत आलेला नातलग 'रुग्णालयात का नेले नाही?' असे विचारतो आणि शांतपणे ठरविलेली व्यवस्था कोलमडते.

८. समारोप

पनवेल परिसरातील कुटुंबासाठी सर्व बाजूंनी परिपूर्ण असा एकच पर्याय दाखविता येत नाही. घरी माणूसबळ असेल आणि सेवाक्षेत्रात वसाहत येत असेल, तर रुग्णालयाच्या परिहार विभागाशी जोडलेली घरपोच सेवा हा सामान्यतः पहिला विचार असावा. लक्षणे आवरत नसल्यास किंवा घर थकल्यास वांद्रे वा पुणे येथील निवासी हॉस्पिसचा मार्ग मोकळा ठेवावा आणि त्यासाठीची कागदपत्रे आधीच तयार असावीत. काळजी केंद्र निवडणे अपरिहार्य झाल्यास बाहेरच्या परिहार वैद्यकाची भेट व औषधांची सोय कुटुंबाने स्वतंत्रपणे लावून घ्यावी.

केरळच्या अनुभवावरून हेही स्पष्ट होते, की ही जबाबदारी एकट्या कुटुंबाने पेलावी अशी अपेक्षा योग्य नाही. महानगरपालिकेची आरोग्य केंद्रे, उपजिल्हा रुग्णालय, येथील वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालये, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांनी एकत्र येऊन प्रभागनिहाय प्रशिक्षित स्वयंसेवकांची फळी उभारल्यास खारघरमध्ये उपलब्ध असलेल्या तज्ज्ञतेचा लाभ नेऱ्याच्या वाडीपर्यंत पोहोचू शकेल. तोवर प्रत्येक कुटुंबाने निदान एवढे करावे : परिहार सेवेची चौकशी निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करावी, रुग्णाची इच्छा त्याच्याच शब्दांत नोंदवून ठेवावी आणि रात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक रुग्णाच्या खाटेजवळ लिहून लावावा.